मोठ्याने बोलायचं नाही

हर्णैच्या बंदरावर तीस वर्षं
मी माशांचे भाव पुकारले.
बावीसशे, बावीसशे पन्नास,
वारा उलटा असला तरी
माझा आकडा पार होडीवर ऐकू जायचा.

छातीत जळजळ, अंगावर गांध्या.
म्हटलं, एकदाचं करून टाकू पोट साफ.
खांबेटे वैद्यबाईंनी नाडी धरली,
डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली,
रक्त तपासून आण म्हणाल्या
आणि कागद बघून मला परत धाडलं.
"नऊच भरतंय गं. खिळखिळी होडी धुवायला घेत नाहीत,
आधी सांधतात."

सांधण्यात दीड महिना गेला.
बीपीची गोळी मी सांगितली नव्हती,
ती त्यांनी बोलण्याबोलण्यात काढून घेतली.
माझ्यासमोरच दापोलीच्या डॉक्टरांना फोन लावला.
"गोळी बंद नाही करायची,
माझ्या मनानं नाही, तुझ्या तर नाहीच."

शेजारची कुंदा गेल्या साली
सात दिवसांचं पॅकेज घेऊन आली होती,
खोलीतून समुद्र दिसणारं.
घरी आली ती रिक्षात आडवी.
तिथे तेल सगळ्यांनी लावलं,
तुला काय काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

मग तूप.
पहिल्या सकाळी दोन चमचे, पाचव्या सकाळी वाटी.
माशाचा वास मला जन्मात आला नाही,
तुपाचा आला, दुपारपर्यंत येत राहिला.
कडकडून भूक लागेपर्यंत नुसतं गरम पाणी.
हात इतके मऊ पडले
की सुरी धरताना वाटलं, कुणा दुसरीचे आहेत.

शेक घेतला, तीन दिवस तेल जिरवलं,
मग तो दिवस.
खिडकीच्या चौकटीवर कोळशाची एकेक रेघ.
मोजणीत मी कच्ची नाही,
पण पंधराव्या रेघेला चौकटच हलली.
प्रणिता, माझी सून, घाबरली नाही.
बाईंचा नंबर तिने आदल्या रात्रीच
भिंतीवर लिहून ठेवला होता.
स्कूटर आली, दंडाला पट्टा बांधला,
मीठसाखरेचं पाणी घोटघोट.
सतराव्यानंतर आपोआप थांबलं.
"आता उसनं आणू नकोस," म्हणाल्या,
आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.

त्यानंतर पेज.
पेजेवर वाढलेली मी, मला वाटलं सोपं.
पण ही वरच्या पाण्याची, शीत बोटाला लागेल न लागेल अशी.
मग जरा दाट. मग मुगाचं कढण, फोडणीवाचून.
पलीकडे कुंदा बांगडे तळायची
आणि मी दार लावून घ्यायचे.
पोटात विस्तव आहे, बाई सांगायच्या,
चुलीतला निखारा फुंकतेस ना, तसाच,
ओला ओंडका आत्ताच टाकू नको.

दुपारची झोप नाही. वाऱ्यात बसणं नाही.
रिक्षाचे धक्के नाहीत.
आणि शेवटचं सांगताना त्या थोड्या हसल्या:
मोठ्याने बोलायचं नाही.

सातव्या संध्याकाळी राहवलं नाही.
कानाला फडकं बांधून, थर्मास घेऊन
जेटीच्या भिंतीआड बसले.
प्रणिता पुकारत होती. पुकारत कसली,
सांगत होती, घरात सांगावं तसं.
व्यापारी दोन पावलं पुढे सरकून ऐकत होते.
मेला मजीद तिसऱ्या वाट्यातली टोपली
पायाने हळूच आपल्याकडे लोटत होता.
माझ्या गळ्यात तीस वर्षांची आरोळी चढली,
ओठापर्यंत आली.

झाकणात गरम पाणी ओतलं, प्यायले.

"मजीदभाय, पाय," प्रणिता म्हणाली,
मान वर न करता.
त्याने टोपली परत सरकवली.

अजून दोन दिवस कढण.
नंतर बाई विचारून एखादं मोदकं,
शिजवलेलं, बिनतेलाचं.
आवाजाचं मी अजून विचारलेलं नाही.